दुसऱ्या ऑपरेशनआधी पहिल्याचा हिशोब

मागे एका अंकात आम्ही टाचदुखीवर लिहिले आणि तेव्हापासून पायांची पत्रे येतच आहेत. त्यांतली दोन आज घेतो.

पहिले पत्र एका ताईंचे आहे. मुलगा चार वर्षांचा. ओल्या पायाने फरशीवर चालला की अख्खा तळवा उमटतो, मध्ये खळगी म्हणून नाही. शेजारच्या कुणीतरी सांगितले, आत उंचवटा असलेले खास बूट घ्या, नाहीतर पुढे ऑपरेशन करावे लागेल. ताई, बूट घेऊ नका. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात. पायाची कमान हळूहळू, दहाएक वर्षांचे होईपर्यंत तयार होते. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांना तीन वर्षे असे बूट आणि आतले आधार घालून पाहिले, काहींना साधेच ठेवले. साध्या मुलांच्या कमानीही तेवढ्याच सुधारल्या. आपल्याकडे १९९२ साली कर्नाटकातील कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल शेकडा ८.६ निघाले, अनवाणी मुलांत २.८. अनवाणी राहावे लागणे हे काही भूषण नव्हे, काटा, काच आणि जंत अनवाणी पायालाच शोधतात. पण घरात, ओट्यावर पोराला मोकळ्या पायाने खेळू द्या. जे पाऊल लवचिक आहे आणि दुखत नाही त्याला औषध नाही, कारण तो आजारच नाही.

दुसरे पत्र हिंगोली जिल्ह्यातल्या एका बापाचे आहे. त्यांच्या मुलाच्या पायाची कमान बसवण्याचे ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झाले. पाय आधीपेक्षा जास्त दुखतो. आता डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करू. करावे की नको? शेवटी लिहिले आहे, "तुम्ही दवाखान्यात नोकरी केलेली माणसं, तुम्हीच सांगा."

या पत्राला आम्ही लगेच उत्तर लिहू शकलो नाही. कारण हाच प्रश्न आमच्या घरात येऊन गेला आहे, आणि त्यात आमचीही चूक होती. आमच्या भाचीच्या संमतीने, तिचे नाव न सांगता, ती हकीकत आधी सांगतो.

अक्का परभणी जिल्ह्यात असते. दीड एकर कोरडवाहू आणि दाजींची मजुरी, एवढ्यावर घर. भाची बारावी झाल्यापासून पोलीस भरतीच्या मागे लागली. मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. पोरगी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळायची. एक दिवस तयारी करून घेणाऱ्या सरांनी तिच्या ओल्या पायाचा ठसा पाहिला आणि म्हणाले, "मैदानात निघशील, पण मेडिकलला उडशील. तुझे तळवे सपाट आहेत." पोलीस आणि सैन्यभरतीत सपाट तळव्यांवरून उमेदवार नाकारले जातात, हे भरतीच्या प्रत्येक पोराला पाठ असते. पण सैन्यभरतीच्या निकषांत पुढचेही लिहिलेले आहे, ते कुणी पाठ करत नाही. पायाच्या बोटांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, पाऊल लवचिक आणि न दुखणारे असेल, बोटांवर उड्या मारता येत असतील, नीट धावता येत असेल, तर उमेदवार चालतो.

भाचीचे पाऊल दुखत होते. ते तिने घरी सांगितलेच नव्हते. पळून आल्यावर घोट्याखाली ठणका लागायचा, घोटा सारखा मुरगळायचा. सांगितले तर आई भरती बंद करील, म्हणून ती गप्प राहिली.

डिसेंबर २०२१ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात तिला नेले. डॉक्टर म्हणाले, घोट्याखाली बाहेरच्या बाजूला हाडांमध्ये एक पोकळी असते, तिच्यात पाचरीसारखा स्क्रू बसवतो, टाच बाहेर कलायची थांबेल, कमान उभी राहील. अर्ध्या तासाचे काम, दीड-दोन महिन्यांत पोरगी पळेल. आधी उजवा पाय, मग डावा. खर्च ८५ हजार. अक्काचे गंठण सोनाराकडे गेले.

त्याआधी अक्काने आम्हाला फोन केला होता. एक्स-रेचा फोटो पाठवला होता. "तू एवढी वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली, बघ जरा." आम्ही पाहिला. एक्स-रे झोपवून काढलेला होता. पायाची कमान अंगाचा भार पडल्यावर बसते, म्हणून असल्या पायाचा एक्स-रे उभे करूनच काढायचा असतो. हे आम्ही नोकरीत असताना शंभरदा पाहिले होते. त्या दिवशी घरात पाहुणे होते. आम्ही म्हणालो, "डॉक्टर म्हणतात तर करून घ्या."

ऑपरेशन झाले, जखम भरली. फरशीवरच्या ओल्या ठशात थोडी खळगी दिसू लागली, त्याचा फोटोही अक्काने आम्हाला पाठवला. पाय मात्र सुधारला नाही. तीन महिने झाले, सहा झाले, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला बोट लावू देईना. पोरगी लंगडू लागली. पळणे संपले, जिना उतरताना भिंत धरू लागली. डाव्या पायाचा विषय कुणी काढला नाही. डॉक्टर आधी म्हणाले, सवय होईल. मग म्हणाले, स्क्रू मापाला लहान पडला, काढून मोठा बसवू. दाजी तिला दुसऱ्या शहरात घेऊन गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, हे सगळे काढून घोट्याखालचे तिन्ही सांधे कायमचे जोडून टाकू. दोघांचेही बोलणे ठाम होते आणि खर्चाचा आकडा दोघांनीही लिहून दिला. अक्काने रात्री फोन केला. "एक म्हणतो मोठा बसव, एक म्हणतो सगळं जोड. ह्यातलं खरं कोणतं?"

वाचक बंधू-भगिनींनो, अशा वेळी माणूस दोन दरांची तुलना करतो, दोन डॉक्टरांच्या स्वभावाची तुलना करतो, देवमाणूस कोणता वाटला ते बघतो. पहिले ऑपरेशन फसले का, हे मात्र विचारत नाही. दोघांपैकी एकाही डॉक्टरांनी ते सांगितलेले नव्हते. आम्ही अक्काला म्हणालो, पोरीला इकडे आण, आणि येताना पहिल्या दवाखान्याचे सगळे कागद आण.

कागद मिळेनात. डिस्चार्ज कार्ड आणि बिल, एवढेच हातात. बाकीचे मागितले तर साहेब बाहेर आहेत, रेकॉर्डवाला रजेवर आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत लिहिले आहे की दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. दाजींनी तसा अर्ज लिहून दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. त्यात ऑपरेशनची टिपणी होती आणि स्क्रूच्या पाकिटावरची चिकटपट्टी होती. त्या पट्टीवर कंपनी आणि माप असते. काढणाऱ्या डॉक्टरला ती सोन्यासारखी, कारण कंपनी कळली तर त्या स्क्रूला बसणारे हत्यार आधी मागवून ठेवता येते.

मुंबईत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठला नंबर लावला, दीड वाजता आत गेलो. डॉक्टरांनी कागदांना हात लावण्याआधी पोरीला सांगितले, "भिंतीकडे तोंड करून उभी राहा. आता टाचा उचल, बोटांवर उभी राहा." आणि स्वतः मागे जाऊन खाली बसले. लवचिक सपाट पावलात माणूस बोटांवर उभा राहिला की कमान वर येते आणि टाच आतल्या बाजूला वळते. हिची टाच जागची हलली नाही. मग त्यांनी तिची टाच हातात धरून आत-बाहेर हलवून पाहिली. ती घट्ट होती. डावीही जवळजवळ तशीच. त्यांनी विचारले, "पहिल्या ऑपरेशनआधी हे कुणी करून पाहिलं होतं?" भाची म्हणाली, "नाही." आम्ही खाली बघितले.

उभे राहून दोन्ही पायांचे एक्स-रे झाले, मग सीटी स्कॅन. त्यात निघाले की टाचेचे हाड आणि त्याच्यावरचे घोट्याचे हाड ही दोन हाडे आतल्या बाजूने जन्मापासूनच एकमेकांना जोडलेली आहेत. लहानपणी हा जोड मऊ असतो, त्याचा त्रास होत नाही. वयात येताना तो हाडासारखा टणक होत जातो, पाऊल ताठर होते, वाकड्यातिकड्या जागी पाय पडला की घोटा मुरगळतो, पळाल्यावर दुखतो. पोरीने जे लपवले होते तेच तिच्या आजाराचे लक्षण होते. पाचरीसारखा स्क्रू हलत्या सांध्यासाठी असतो. जे दार खिळे ठोकून बंद झालेले आहे त्याच्या फटीत पाचर मारून काय होणार? फट तेवढी दुखणार.

त्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, "पहिलं ऑपरेशन हाताने चांगलं झालंय. स्क्रू जागेवर आहे, मापही बरोबर आहे. फक्त ते या आजाराचं ऑपरेशन नाही." म्हणजे मोठा स्क्रू बसवला असता तर आणखी दुखले असते. आणि तिन्ही सांधे जोडायचीही गरज नव्हती. खराब एकच होता.

मार्च २०२३ मध्ये दुसरे ऑपरेशन झाले. जुना स्क्रू काढला. टाच सरळ रेषेत आणून तो एक सांधा दोन स्क्रूंनी कायमचा जोडला, जोडात कमरेच्या हाडाचा थोडा चुरा भरला, आखडलेली पोटरी सैल केली. जोड लहान असता आणि बाकीचा सांधा चांगला असता तर नुसता जोड कापून सांधा मोकळा करता आला असता. इथे जोड मोठा होता, सांध्याची कुर्चा झिजली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला समोर बसवून सांगितले होते. दुखणे बरेच कमी होईल, पूर्ण जाईल असे नाही. पाऊल वर-खाली हलेल, कारण तो घोट्याचा सांधा शाबूत आहे. आत-बाहेर कलणार नाही, म्हणून ढेकळांत, नांगरटीत चालताना अडचण येईल. पुढे शेजारच्या सांध्यांवर जास्त भार येतो, ते झिजू शकतात. भाचीने एकच विचारले, "पोलीस?" ते म्हणाले, "नाही, बाळ." ती बाहेर बाकावर जाऊन बसली. अक्का तिच्याजवळ गेली नाही, आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तुला तवाच दिसलं न्हवतं का गं?" याचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही.

नंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा लांब असतात, याची कल्पना कुणी देत नाही. दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही. घरी उकिडव्याचा संडास, म्हणून खुर्चीचा कमोड भाड्याने आणला. पोरगी दोन महिने आमच्याकडेच राहिली, कारण गावी कुबड्यांवर चिखलात जायचे कुठे? मग चालण्याचे प्लॅस्टर, मग पट्ट्यांचा बूट. संध्याकाळी पाय सुजायचा तो वर्षभर सुजला.

आता हिंगोलीच्या बंधूंनो, तुमच्या मुलाविषयी. त्याच्या पायात हेच असेल असे आम्ही म्हणत नाही. कमान बसवण्याची ऑपरेशने निरनिराळी आणि ती फसण्याची कारणेही निरनिराळी असतात. टाचेचे हाड कापून सरकवले असेल तर ते जुळलेच नसेल. जुळले असेल, पण कमी सरकवले असेल, म्हणून पाय अजून आत कलतो. किंवा जास्त सरकवले असेल, मग मुलगा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो आणि करंगळीच्या मागचे हाड दुखते. त्याची चप्पल उलटी करून पाहा, कोणती कड झिजली आहे ते दिसेल. पोटरी आखडलेली असताना तिच्याकडे लक्षच दिले नसेल, तर ती पुन्हा टाच ओढत राहते आणि केलेली कमान मोडते. हे फार वेळा घडते. कधी टाच सरळ केलेली असते पण पुढचा पंजा वळलेला तसाच राहतो. कधी सगळे ठीक असते, नुसते स्क्रूचे डोके बुटाला घासते, ते काढले की माणूस मोकळा. कधी बाहेरच्या छेदात एखादी बारीक शीर सापडलेली असते, तिची जळजळ हाडावर पुन्हा ऑपरेशन करून जात नाही. आणि कधी जंतुसंसर्ग आत दबून असतो, त्यासाठी रक्त तपासावे लागते. यांतल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. म्हणून जे डॉक्टर कारण न सांगता दुसरे ऑपरेशन सुचवतील त्यांना नम्रपणे विचारा, "साहेब, पहिलं का फसलं?" उत्तरात सांध्याचे, हाडाचे, पोटरीचे नाव आले पाहिजे. "कधी कधी होतं असं" हे उत्तर नव्हे.

उभे राहून काढलेला दोन्ही पायांचा एक्स-रे आहे का ते बघा. नसेल तर काढून घ्या. हाड जुळले की नाही, आत जन्माचा जोड आहे की नाही, हे सीटी स्कॅनमध्ये बरेचसे कळते. पहिल्या दवाखान्याचे कागद आजच अर्ज करून मागा, तुमची तीन वर्षे संपायला दीडच वर्ष उरले आहे. सरकारी मेडिकल कॉलेजला जाऊन दुसरे मत घ्या. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की हे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत बसते का. यादीत नाव कोणत्या प्रकारे लिहिले आहे यावर बरेच अवलंबून असते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. मुलगा विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आधी सुटली पाहिजे, हाड जुळायला तिने उशीर लागतो हे पक्के आहे. तंबाखू आणि मशेरीतही तेच निकोटीन असते. ऑपरेशन तोंडावर आले की सोडतो, असे म्हणणारे आम्ही वॉर्डात खूप पाहिले, आणि उशाखाली पुडी सापडलेलेही.

एक प्रश्न तुम्ही मुलाला एकट्याला गाठून विचारा. पहिल्या ऑपरेशनआधी पाय खरोखर दुखत होता का? किती, कुठे, कधी? तो भरतीची तयारी करत असेल तर तो खरे बोलला असेलच असे नाही. दुखत नसलेल्या पायावर ऑपरेशन झाले असेल तर आता जे दुखते ते त्या ऑपरेशननेच आणलेले आहे, आणि डॉक्टरांना विचार करायला तिथून सुरुवात करावी लागेल. घाईने काही बिघडत असेल तर ती गोष्ट वेगळी, पू, ताप, लाली असेल तर लगेच जा. एरवी दोन महिने उशीर झाला तरी पाय तोच राहतो.

आमच्या भाचीच्या डाव्या पायातही तसाच जोड निघाला होता, थोडा लहान. तो दुखत नाही. डॉक्टरांनी त्याला हात लावला नाही, दुखला तर या म्हणाले. आता ती तालुक्याला एका सेवा केंद्रात ऑनलाइन फॉर्म भरायचे काम करते, त्यात भरतीचेही असतात. सपाट रस्त्यावर पाहिले तर कुणाला कळत नाही. शेतात जाताना काठी घेते. अक्काचे गंठण मागच्या दिवाळीत सुटले.

बंधूंनो, पत्रात तुम्ही मुलाच्या ऑपरेशनचे नाव लिहिलेले नाही. कागद हाती आले की त्यातली ऑपरेशनची टिपणी आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेचा अहवाल यांच्या झेरॉक्स आम्हाला या सदराच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही डॉक्टर नाही. पण यावेळी कागद नीट बघू आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहून कळवू.